हाताला कळणाऱ्या फरशा

विकास नगरात दर रविवारी दुपारी दोन वाजता कांचनताई जगदाळे जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायच्या आणि त्याच्यावर तळघर मांडायला बसायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, जेवायला बोलावलंय. बँकेने सांगलीहून उचलून लखनौला आणून टाकलं होतं, बायको-मुलगी सांगलीतच होत्या, आणि महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला भेटलेल्या या बाईंनी चकली खाता खाता विचारलं होतं, "रविवारी मोकळे असता का? मग या. आम्हाला चौथा माणूस हवाय." मी समजलो, पत्ते असतील.

पत्ते नव्हते. टेबलाच्या एका टोकाला कांचनताई बसल्या होत्या, समोर एक पुठ्ठ्याचा पडदा उभा करून. पलीकडे दोघं जण. वेदांत, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. आईवडील अकोल्याचे, पण हा जन्मला लखनौत, त्यामुळे मराठी सगळी कळायची आणि उत्तर हिंदीतून यायचं. दुसरी जुई, दातांची डॉक्टर होत होती, शेवटच्या वर्षाला. मला एक कागद देण्यात आला आणि सांगण्यात आलं की या खेळात मी कोण आहे ते मीच ठरवायचं. मी चोर व्हायचं ठरवलं. "बँकेतला माणूस, अंदाज होताच," असं म्हणून चहाचा ट्रे ठेवून गेले ते जयसिंगराव, कांचनताईंचे यजमान. मी सांगलीचा, ते कोरेगावचे, म्हणून पहिल्याच दिवसापासून मी त्यांना दाजी म्हणू लागलो.

खेळ असा होता. आम्ही तिघं एका कल्पनेतल्या राज्यातले भटके. कांचनताई सूत्रधार. आम्ही कुठे पोचलो, समोर काय दिसतं, कोण चालून येतं, हे त्या सांगणार. आपण काय करायचं ते आम्ही सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. आणि आम्ही चालू तसतसा रस्ता टेबलावर उमटणार. त्यासाठी त्यांच्याकडे फरशा होत्या. चार इंच लांब-रुंद, जाड पुठ्ठ्याच्या, हाताने रंगवलेल्या. प्रत्येक फरशीवर सोळा घरं, आमच्या सोंगट्या उभ्या करायला. एकीवर दगडी बोळ, एकीवर वळण, एकीवर जिना, एकीवर अर्धं पाणी. कुठलीही फरशी कुठल्याही फरशीला जोडता यायची, त्यामुळे त्याच दीडशे तुकड्यांतून आज किल्ला व्हायचा, पुढच्या रविवारी गुहा. वेदांत म्हणायचा, "दरवाज़ा खोलता हूँ," आणि कांचनताई पडद्यामागून एक फरशी काढून पुढे ठेवायच्या. तेवढंच आम्हाला दिसायचं. त्याच्या पलीकडे नुसतं टेबल.

मला हे सगळं पोरखेळ वाटलं आणि मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

हळूहळू त्यांची हकिकत कळत गेली. लग्न विसाव्या वर्षी. दाजी हवाई दलात, विमानातली यंत्रं दुरुस्त करणारे. जोरहाट, अंबाला, हलवारा, पुन्हा जोरहाट, आणि शेवटी लखनौजवळचं बक्षी का तालाब. बावीस वर्षांत अकरा क्वार्टर्स. "सगळ्या सारख्याच," कांचनताई सांगायच्या. "त्याच दोन खोल्या, तेच स्वयंपाकघर. फक्त कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे. पहिला आठवडाभर मी न्हाणीघर समजून कोठीच्या खोलीत शिरायची." जाईल तिथे त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, कायम कधीच झाल्या नाहीत. दाजी निवृत्त झाल्यावर विकास नगरात घर घेतलं आणि इंदिरा नगरातल्या एका शाळेने त्यांना एकदाची पक्की नोकरी दिली.

खेळ आणला होता त्यांच्या मुलीने, रुचाने, कॉलेजातून. मैत्रिणी घरी जमायच्या, एकदा एक कमी पडली म्हणून आईला बसवलं. रुचा शिकून नोकरीला पुण्याला गेली, मैत्रिणी पांगल्या, खेळ आईकडे राहिला. फरशा मात्र पूर्ण आईच्या. लग्नपत्रिका, बुटांची खोकी, मिठाईचे डबे, जे जाड दिसेल ते त्या कापायच्या. पुष्कळ फरशांच्या पाठीवर कुणाकुणाच्या लग्नाचे मुहूर्त होते.

दीड वर्ष असं गेलं. मग काही गोष्टी खटकायला लागल्या.

फासा टेबलाच्या कडेला घरंगळला की त्यांना सापडायचा नाही. हात सगळीकडे फिरायचा, फासा शेजारीच असायचा. आमच्या कपांना धक्के लागायचे. कधी बोळाला बोळ न जुळवता भिंतीला बोळ जुळवलेला असायचा आणि जुई हळूच फरशी फिरवून ठेवायची. मी मनात म्हटलं, वय होतंय. त्रेपन्न हे काही वय नव्हे, हे तेव्हा सुचलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी ते फुटलं. आम्ही जमिनीखालच्या एका जुन्या बारवेत उतरलो होतो. पाण्यातून दोन पाणराक्षस वर आले. वेदांतचा धनुर्धर पुढे होता. तीन वर्षं तो त्याला खेळत होता. नाव ठेवलं होतं, घराणं ठरवलं होतं, वहीत त्याचं चित्र होतं. जुईची वैदू त्याच्या डाव्या हाताला, अगदी लागून उभी. नियम असा की वैदू शेजारच्या घरात असेल तर मरणाऱ्याला वाचवू शकते.

कांचनताईंनी फासा टाकला आणि म्हणाल्या, "राक्षसाचा फटका बसला. धनुर्धर कोसळला. जवळ कोणी नाही."

"मैं हूँ ना," जुई म्हणाली. "मी बाजूलाच उभी आहे, काकू."

"तू दोन फरशा मागे आहेस."

"नाही हो. ही बघा."

जुईने आपली सोंगटी बोटाने दाखवली. कांचनताईंनी मान वळवली नाही. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "सूत्रधार मी आहे. मी सांगितलं ते झालं. धनुर्धर मेला."

सोंगटी आम्हा तिघांना दिसत होती. वेदांतने वही मिटली. "आंटी, मरने से दिक्कत नहीं है. पर ये तो बेईमानी है," असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला आणि जॅकेट घालून निघून गेला. कांचनताई फरशा गोळा करत राहिल्या. त्यातल्या चार त्या टेबलावरच विसरल्या, डावीकडच्या चार.

त्यानंतर तीन रविवार खेळ झाला नाही. कधी पाहुणे, कधी डोकं दुखतंय.

फेब्रुवारीत एका दुपारी मी बँकेच्या कामाने मुंशी पुलियाला गेलो होतो. मेट्रोच्या जिन्यापाशी गर्दी जमलेली दिसली, आणि मध्ये कांचनताई बसलेल्या. शेवटची पायरी चुकली होती. गुडघा फुटला होता, पिशवीतले खडू सगळीकडे पसरले होते. मी खडू गोळा केले, त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या समोर बघत म्हणाल्या, "प्रसाद, तू माझ्या कुठल्या बाजूला बसलायस?"

"डावीकडे."

"मला दिसत नाहीयेस."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. लहानपणापासून अंधारात कमी दिसायचं. आईलाही तसंच होतं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर कडेकडेने मिटत येणार. मधलं स्वच्छ दिसतं, आजूबाजूचं जातं. इलाज नाही.

"टेबलावर एका वेळी एक फरशी दिसते मला," त्या म्हणाल्या. "ती अगदी नीट दिसते. तिच्यावरची रेघन् रेघ. शेजारची बघायची तर मान फिरवावी लागते, आणि मान फिरवली की पहिली जाते. बाकीचं मी डोक्यात धरून ठेवते. त्या दिवशी जुईची सोंगटी डोक्यात चुकीच्या जागी राहिली."

"मग तेव्हाच सांगायचं ना, ताई. चूक झाली म्हणायचं."

"चूक झाली म्हटलं असतं तर कशी झाली ते सांगावं लागलं असतं." मग त्या म्हणाल्या, "पोराचा तीन वर्षांचा धनुर्धर मारला मी. माझी लाज झाकायला."

दाजींना हे ठाऊक नाही, असं त्या म्हणाल्या. सांगितलं तर ते शाळा बंद करायला लावतील, एकटीला बाहेर सोडणार नाहीत, अशी भीती. मी कुणाला काही सांगणार नाही असं कबूल करून घेऊन त्या माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

दाजींनी दार उघडलं, गुडघ्याकडे पाहिलं, आत जाऊन कापूस आणि औषध घेऊन आले.

"पाय घसरला," कांचनताई म्हणाल्या.

"पायरी दिसली नसेल," दाजी म्हणाले. जखम पुसत होते, वर बघितलं नाही. "आपल्या जिन्याच्या पायऱ्यांना मी पांढरे पट्टे मारले, त्याला दोन वर्षं झाली. कशाला मारले असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, तुम्हाला हौस. धावपट्टीची सवय."

"दिवाणखान्यातली तिपाई माळ्यावर टाकली, तीही हौसच का?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण कांचनताईंनी माझा हात धरून ठेवला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," दाजी म्हणाले. "तू बावीस वर्षं माझ्यामागून घरं हलवलीस, कधी कुरकुरली नाहीस. म्हटलं, हे तरी तिच्या मर्जीने होऊ दे."

शाळा त्यांनी बंद करायला लावली नाही. मेट्रोपर्यंत सोडायला मात्र रोज जाऊ लागले, आणि कांचनताईंनीही नाही म्हटलं नाही.

खेळ मात्र संपला असं त्यांनीच ठरवलं. सगळ्या फरशा एका जुन्या लोखंडी ट्रंकेत भरून मला म्हणाल्या, "जुईला दे. तिला उपयोग होईल." ट्रंक माझ्या घरी पलंगाखाली पडून राहिली. जुईला द्यायला माझं मन होईना.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी त्यांना पडद्यांचं कापड घ्यायचं होतं. उजेडाचा त्रास होऊ लागला होता. मी बरोबर गेलो. अमीनाबादच्या गर्दीत त्यांचा हात माझ्या कोपरावर. कापड घेऊन झालं आणि गर्दी चुकवायला आम्ही मागच्या गल्लीत वळलो. तिथे एक कारागीर दुकानाच्या उंबऱ्याशी बसून लाकडी ठप्पे कोरत होता. चिकनच्या कापडावर भरतकामाआधी नक्षी उठवतात, ते ठप्पे. पुढ्यात शेकडो मांडलेले. कांचनताईंनी आधार घ्यायला म्हणून हात टेकला तो नेमका ठप्प्यांच्या ढिगावर. हात उचलला नाही. एकेक ठप्पा घेऊन त्यावर अंगठा फिरवू लागल्या.

"हे पान. ही बुट्टी. ही वेल." डोळे रस्त्याकडे होते. "प्रसाद, हे वाचता येतंय."

कारागिराचं नाव मुख्तारभाई. साठीच्या पुढचे, नाकावर चष्मा. कांचनताईंनी त्यांना विचारलं, "भाईसाहब, आप पत्थर बना देंगे? पानी?"

"पानी हमसे आज तक किसी ने नहीं माँगा," मुख्तारभाई म्हणाले. "किस कपड़े पर छापेंगी?"

कापडावर नाही, लगद्यावर, आणि बघायला नाही, चाचपायला, हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हातातलं काम उलटं धरून त्यावर अंगठा फिरवला. "चश्मा तो ग्राहक के लिए है. लाइन ठीक कटी कि नहीं, हम भी अँगूठे से ही देखते हैं."

त्यांनी चार ठप्पे करून दिले. दगडाला चौकोनी खाचा, पाण्याला लाटा, लाकडाला लांब रेघा, गवताला ठिपके. कांचनताईंनी रद्दी भिजवून, डिंक घालून लगदा केला, चार इंचांच्या साच्यात थापला, ठप्पा दाबला. भिंतीच्या जागी कड उंच ठेवली, दाराच्या जागी कड मोडली. पहिल्या चाळीस फरशा गच्चीवर वाळत घातल्या. एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत त्या पापडासारख्या वळल्या. एकही टेबलावर बसेना.

मला वाटलं, आता सोडतील. दाजींनी वळलेली एक फरशी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "वरून वाळली, खालून ओली राहिली. सावलीत वाळव, आणि वजन ठेव." त्यांनी प्लायवूडचे तुकडे कापून आणले, फरशा मध्ये घातल्या, वर गव्हाचा डबा ठेवला. आठ दिवसांनी निघाल्या त्या सपाट. मग दुसरी अडचण. हात फिरवला की फरशा सरकायच्या आणि सोंगट्या आडव्या पडायच्या. दाजींनी कडांना बारीक चुंबक बसवले, सोंगट्यांच्या तळाला लोखंडी वॉशर चिकटवले आणि फरशीखाली चुंबकाचा पातळ पत्रा लावला. फरशा आता एकमेकींना टक्‌ आवाज करून चिकटायच्या. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा दाजींनी तीनचार वेळा उगाचच लावून काढून बघितलं. त्या टेबलाशी ते पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसलेले मी पाहिले.

मेमध्ये कांचनताईंनी जुईला आणि वेदांतला स्वतः फोन केला. मी मध्ये पडू का म्हणून विचारलं होतं, तर म्हणाल्या, "चूक माझी, फोन तू कशाला करतोस?"

दोघंही आले. वेदांत जॅकेटशिवाय, पण तितकाच अवघडलेला. कांचनताईंनी सगळं सांगितलं. आजार, लपवणं, आणि त्या दिवशीचं. "वेदांत, जुईची सोंगटी मला दिसली नाही हे खरं. पण तिने दाखवल्यावर मला कळलं होतं, मी चुकले. तरी मी हट्ट धरला. तू बेईमानी म्हणालास ते बरोबर होतं."

वेदांत खाली बघत होता. "आंटी, मुझे पता होता तो मैं ऐसे थोड़ी जाता."

"म्हणून तर सांगितलं नाही. तुम्ही मला सांभाळून घेतलं असतं, आणि मला खेळायचं होतं." त्यांनी पडदा बाजूला सारला. फरशा आता डब्यातून चाचपून काढायच्या होत्या, पडद्याची गरज नव्हती. "ती बारव आपण पुन्हा खेळू. तिथूनच. या वेळी हातांनी."

त्यांनी एकेक फरशी जोडली. आमची चाल झाली की त्यांचा डावा हात सगळ्या टेबलावरून फिरायचा, भिंती, दारं, पाणी, सोंगट्या. प्रत्येक सोंगटीच्या डोक्यावर दाजींनी निराळी खूण केली होती, धनुर्धराला टोक, वैदूला गोल मणी, चोराला खाच. वेळ दुप्पट लागत होता. पण त्या दुपारी एकही फरशी चुकली नाही, आणि बारवेचं वर्णन त्यांनी असं केलं की पाण्याच्या लाटांवर मीही बोट फिरवून पाहिलं.

पाणराक्षस वर आले. फटका बसला. धनुर्धर कोसळला. कांचनताईंचा हात डावीकडे गेला, गोल मणी सापडला. "वैदू शेजारी आहे. जुई, फासा टाक. दहाच्या वर पडलं तर वाचला."

जुईने टाकला. चार पडले.

कांचनताईंनी फासा उचलून अंगठ्याने चाचपला. तोही दाजींनी कोरून घेतला होता. मग पुन्हा एकदा चाचपला. त्यांना तो आकडा वेगळा सांगता आला असता आणि आम्ही कोणी तोंड उघडलं नसतं. "चार," त्या म्हणाल्या. "गेला, वेदांत."

वेदांतने सोंगटी उचलली, थोडा वेळ हातात धरली. "इस बार ठीक है," तो म्हणाला. मग त्याने वहीचं नवीन पान काढलं आणि दाजींना विचारलं की लोहार खेळला तर त्याच्या डोक्यावर काय खूण करता येईल. दाजींनी ताबडतोब पक्कड आणली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. कांचनताईंनी गेल्या एप्रिलात शाळा सोडली. पांढरी काठी घ्यायला त्यांनी बरेच आढेवेढे घेतले; आता घेतात, पण मंडळाच्या कार्यक्रमाला येताना गाडीत ठेवतात. नजर आणखी आत आली आहे. कधी कधी त्या चिडतात, दाजींवर, चहाच्या कपावर, माझ्या उशिरा येण्यावर, आणि दिवसभर बोलत नाहीत. सगळं सुरळीत आहे असं मी सांगणार नाही.

काठी शिकायला त्या ज्या केंद्रात जायच्या, तिथल्या बायकांना त्यांनी एकदा फरशांचा डबा दाखवायला नेला. आता दर गुरुवारी तिथे खेळ असतो. सहाजणी बसतात. मी एकदा सुट्टी काढून बघायला गेलो. आम्हाला एक दालन पार करायला अर्धा तास लागतो. त्या बायका दहा मिनिटांत भिंती चाचपून, दार शोधून, पलीकडच्या राजाशी भांडायला लागल्या होत्या. सीतापूरची राजकुमारी नावाची एक बाई, जन्मापासून न दिसणारी, तळघराच्या फरशीवरून परत परत बोटं फिरवत होती. कांचनताईंनी विचारलं, काय झालं.

"दीदी, ये तहखाना है?" राजकुमारी म्हणाली. "ये तो किसी होटल का फर्श है. तहखाने का पत्थर ऐसा चिकना कहाँ होता है?"

कांचनताईंनी स्वतः हात फिरवला. जरा विचार केला. "बरोबर आहे," त्या मराठीतच म्हणाल्या, मग हिंदीत तिला विचारलं की कसा असतो ते सांग. राजकुमारीने त्यांचा हात धरून उठवलं, आणि दोघी केंद्राच्या मागच्या जुन्या विटांच्या भिंतीपाशी गेल्या.